घरचा तास : न शिकलेल्या आईबापांनी मुलांना कसे शिकवावे?



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दरवर्षी शाळा सुरू झाली की पालकांची सभा भरते आणि त्या सभेत एक वाक्य मला हटकून ऐकायला मिळते : "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. आम्ही काय शिकवणार? तुम्हीच बघा काय ते." हे वाक्य बोलणारे आईबाप आळशी नसतात. दिवसभर राबून, त्या दिवसाची मजुरी बुडवून ते सभेला आलेले असतात. मुलाने शिकावे ही त्यांची इच्छा माझ्यापेक्षा तसूभरही कमी नसते. परंतु शिकवणे म्हणजे उत्तर सांगणे, आणि आपल्याला उत्तर येत नाही म्हणून आपण शिकवू शकत नाही, अशी त्यांची समजूत झालेली असते.

ही समजूत चुकीची आहे, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. घरी शिकवणाऱ्याने उत्तर सांगायचे नसते. त्याने प्रश्न विचारायचा असतो, मुलाचे ऐकायचे असते आणि समजले नाही तर पुन्हा सांगायला लावायचे असते. हे काम अक्षरशत्रू आईसुद्धा करू शकते. ते कसे करावे, हे एकेक विषय घेऊन पाहू.

शाळा असताना घरी कशाला?

कोणी म्हणेल, शाळा आहे, गुरुजी आहेत, सरकार पुस्तके देते, मग घरी पुन्हा शाळा कशाला? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर नीट वाचता आला नाही. म्हणजे मूल शाळेत जाते, हजेरी लागते, वर्ग पुढे सरकतो, आणि वाचन मात्र मागेच राहते. ज्या घरी आईबाप शिकलेले आहेत तेथे ही उणीव घरी भरून निघते. आपल्या घरी ती कोण भरणार?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले. पहिली ते चौथीचे वर्ग त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ भरले नाहीत. त्या काळात ज्या घरात रोज कोणीतरी मुलाला पुस्तक घेऊन बसवले ती मुले तरली. ज्या घरात बसवले नाही ती मुले पुढच्या वर्गात आली तेव्हा स्वतःचे नावही चुकत लिहीत होती. हे मी माझ्या वर्गात पाहिले आहे. शिवाय २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. त्यात मूल मागे राहू शकते, आणि मागे राहिलेल्या मुलाची शाळा सुटायला वेळ लागत नाही.

आपल्या राज्यघटनेत २००२ साली एक दुरुस्ती होऊन शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने कलम ५१ क मध्ये एक कर्तव्यही घातले गेले : या वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे कर्तव्य आहे. हक्क मुलाचा आणि कर्तव्य आपले, हे ध्यानात ठेवावे.

भगवान बुद्धांनी हेच गृहस्थाला सांगितले होते. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रानिशी सहा दिशांना नमस्कार करीत होता. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ समजावला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. आईबापांची पाच कर्तव्ये सांगताना त्यांनी मुलाला विद्या-कला शिकवणे हे एक कर्तव्य गणले आहे. आचार्यांची दिशा वेगळी आहे म्हणून आईबापांच्या दिशेचे काम संपत नाही.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांचे उदाहरण आपण नेहमी देतो. परळच्या चाळीतील एका खोलीत ते रात्री दोनपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिने गहाण ठेवण्यासाठी मागून आणले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले त्यामागे ही जागरणे होती. यावर एक आई मला म्हणाली, "गुरुजी, रामजीबाबा स्वतः पलटणीतल्या शाळेचे मास्तर होते. आमच्या घरात मास्तर कोण आहे?" तिचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी माझ्या घरच्या हकिगतीने देतो.

आमच्या घरची हकीगत

माझी आई निंदणी-खुरपणीला जाई. वडील गवंड्याच्या हाताखाली बिगारी होते. दोघांनाही अक्षर येत नव्हते. रात्री जेवणाआधी आई मला समोर बसवी आणि विचारी, "आज साळंत नवं काय आलं? मला सांग बरं." मी सांगे. तिला पटले नाही की ती म्हणे, "मला न्हाई समजलं. पुन्यांदा सांग." तिला समजावे म्हणून मला आधी स्वतः समजून घ्यावे लागे. शाळेत जे मी नुसते पाठ केले होते ते आईपुढे टिकत नसे. माझी आई ही माझी पहिली परीक्षक होती आणि तिला एकही अक्षर येत नव्हते.

एका बाजाराच्या दिवशी आई आठवड्याची मजुरी घेऊन आली. रोज चाळीस रुपये. सहा दिवसांत एक दिवस तिने दुपारून खाडा केला होता. म्हणजे साडेपाच रोज. मुकादमाने हातावर दोनशे रुपये टेकवले होते. आईने मला विचारले, "बरोबर हाईत का?" मी पाचवीत होतो. वहीत अपूर्णांकांची गणिते सोडवून मी 'छान' असा शेरा मिळवला होता. पण साडेपाच रोजांचे पैसे मला सांगता येईनात. मी पाटी शोधू लागलो. चुलीपुढे भाकरी थापणारी माझी मोठी बहीण, अक्का, मान वर न करता म्हणाली, "पाच रोजांचे दोनशे, अर्ध्याचे वीस. वीस रुपये कमी हाईत." दुसऱ्या दिवशी आई गेली आणि वीस रुपये घेऊन आली.

आता या हकिगतीतील दुसरी बाजू सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. आई रोज मला विचारी. अक्काला विचारीत नसे. मी पाटीपुढे बसे तेव्हा ती चुलीपुढे बसे. ती जे शिकली ते कानावर पडेल तेवढे शिकली. सातवीनंतरची शाळा पाच किलोमीटरवरच्या गावी होती. मला पुढे सायकल मिळाली. अक्काची शाळा सातवीतच सुटली. एकाच आईच्या पोटची आम्ही दोन लेकरे. एक पदवीधर झाला आणि दुसरी, जी गणितात माझ्यापेक्षा हुशार होती, ती राहिली. घरच्या तासाची ताकद किती आहे ते मला माझ्यावरून कळले. तो तास न मिळाल्याने काय होते ते अक्कावरून कळले.

तासाचे नियम

पहिला नियम वेळेचा. रोज एकच वेळ ठरवावी. संध्याकाळी सात ते आठ बहुतेक घरांना सोयीची पडते. ज्या घरी सायंकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतात त्यांनी ते झाल्यावर लगेच बसावे. वेळ एका तासाहून अधिक नको, पण एकही दिवस चुकवू नये.

दुसरा नियम जागेचा. घर एका खोलीचे असले तरी एक चटई आणि एक कोपरा मुलांचा असावा. धम्म स्वीकारल्यावर कित्येक घरांतून देव्हारा हलला. त्याचा कोनाडा रिकामा असेल तर तेथे मुलांची पुस्तके ठेवावी. त्या जागेचा याहून चांगला उपयोग नाही.

तिसरा नियम शांततेचा. त्या तासात दूरचित्रवाणी बंद आणि मोबाइलही बाजूला. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात ही मोठी सोय आहे. पुस्तक फाटले वा हरवले तर ती जरूर वापरावी, पण मोबाइल मोठ्यांच्या हातात असावा.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. घरातील प्रत्येक मूल बसेल, मुलगाही आणि मुलगीही. भाकऱ्या सातच्या आधी व्हाव्या किंवा आठनंतर व्हाव्या. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. चौदाव्या वर्षी तिच्या हाती लेखणी होती म्हणून हे झाले. सावित्रीबाईंनाही अक्षरओळख जोतीरावांनी घरीच करून दिली होती. आपल्या मुलीच्या हाती त्या तासात लाटणे देऊ नये.

भाषा

वाचन मोठ्याने व्हावे. मुलाने शब्दाखाली बोट ठेवून दहा ओळी वाचाव्या. नंतर पुस्तक मिटावे आणि काय वाचले ते आपल्या बोलीत सांगावे. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी एवढे नक्की कळते की मूल अडखळते का, ओळ सोडते का, आणि सांगितलेल्यात अर्थ आहे का. काल वाचलेला उतारा आज पुन्हा वाचून घ्यावा. दुसऱ्यांदा तो सहज आला पाहिजे.

आपल्या बोलीची लाज मुलांच्या मनात शिरू देऊ नये. घरात आपण 'पानी' म्हणतो आणि पुस्तकात 'पाणी' असते. म्हणून आजीचे बोलणे चूक ठरत नाही. ती आपली बोली आहे आणि ही लेखनाची भाषा आहे, दोन्ही यायला हव्यात, असे मुलाला सांगावे. मात्र लिहिताना 'ण' आणि 'न' यांचा फरक पक्का करून घ्यावा. 'मन' म्हणजे चित्त आणि 'मण' म्हणजे धान्याचे वजन. अक्षर बदलले की अर्थ बदलतो. असे पाच शब्द रोज शुद्धलेखनाला घालावे. थोरले भावंड सांगेल, धाकटे लिहील आणि पुस्तक उघडून दोघे मिळून तपासतील.

आठवड्यातून एकदा खऱ्या कामाचे लेखन करवून घ्यावे. मामाला पत्र, रेशनकार्डात नाव घालण्याचा अर्ज, नळाला पाणी येत नाही म्हणून ग्रामपंचायतीला विनंती. अर्ज लिहिता आला की मुलाला शिक्षणाचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही.

गणित

मराठीत एक अडचण आहे ती पालकांनी समजून घ्यावी. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा आधी तीन उच्चारतो आणि मग साठ. पण लिहिताना आधी सहा लिहितो. म्हणून लहान मूल ६३ ऐवजी ३६ लिहिते. ते मूल मठ्ठ नसते. त्याने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. याच अडचणीसाठी २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाची जोड दिली गेली. घरी दोन्ही प्रकारे म्हणवून घ्यावे : साठ तीन, त्रेसष्ट. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधावे. सहा जुडगे आणि तीन सुट्या काड्या समोर मांडल्या की चूक आपोआप सुटते. तसेच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांतील 'एकोण' म्हणजे एक कमी, हे मुलाला शोधू द्यावे. मग विचारावे, नव्याण्णवला हा नियम का लागत नाही? तो अपवाद आहे. नियम आणि अपवाद दोन्ही मुलाने स्वतः पाहिले पाहिजेत.

अपूर्णांक बाजारात शिकवावे. डाळ ऐंशी रुपये किलो असेल तर पाव किलोचे किती? पाऊण किलोचे? दीड किलोचे? वीस, साठ, एकशे वीस. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेत, ती याच कामासाठी. आजच्या मुलाला सगळी पाठ नसली तरी चालेल, पण दुकानदाराने सांगितलेला हिशेब त्याने दारातून बाहेर पडण्यापूर्वी तपासला पाहिजे. आईने सामान आणावे आणि हिशेब मुलाने वहीत मांडावा. आठवड्याची मजुरीही त्याच वहीत मांडावी, खाड्यांसकट.

बांधकामावर जाणाऱ्या बापाच्या हाती तर अर्धे गणित असते. 'एकास सहा'चा माल म्हणजे सिमेंटच्या एका घमेल्यास वाळूची सहा घमेली. हेच पुस्तकातील गुणोत्तर. घराचा कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहताना गवंडी एका बाजूवर तीन फुटांची खूण करतो, दुसरीवर चार फुटांची, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले की कोपरा गुण्यात आला म्हणतो. पुढे हायस्कुलात हाच पायथागोरसचा सिद्धांत म्हणून येतो : तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, आणि पाचाचा वर्ग पंचवीस. ज्या बापाला सही करता येत नाही तो मुलाला हे दोरीने करून दाखवू शकतो. माझ्या वडिलांनी मला ते दाखवले होते. पुस्तकात तो सिद्धांत मला भेटला तेव्हा त्याची भीती वाटली नाही.

विज्ञान

विज्ञान म्हणजे पाहणे, कारण शोधणे आणि ताडून बघणे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही शिकवण तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना दिली होती. घरच्या तासात ती आचरणात आणता येते. विरजण हिवाळ्यात उशिरा का लागते? विरजणातले सूक्ष्म जीव उबेत भराभर वाढतात, थंडीत सावकाश. हे ऐकून मानू नये. एक भांडे गरम चुलीजवळ आणि एक गार फरशीवर ठेवून मुलाने पाहावे.

अंगणात एक सरळ काठी रोवून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा खरा मध्यान्ह. घड्याळात तो बारानंतर थोड्या वेळाने येतो. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने आपल्याकडे वर्षातून दोन दिवस मध्यान्ही काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात मेच्या मध्यास, नागपुरात मेच्या अखेरच्या आठवड्यात. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टात येतो, पण तो बहुधा ढगांत जातो. ज्या मुलाने हे डोळ्यांनी पाहिले त्याला सूर्य-ग्रहांच्या नावाने कोणी घाबरवू शकणार नाही.

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र

इतिहासासाठी आजी-आजोबांना चटईवर बोलवावे. १९७२ च्या दुष्काळात तुम्ही काय खाल्ले? रोजगार हमीवर खडी कोणी फोडली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तुम्ही कोठे होता? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपल्यापैकी कोणी गेले होते का? आपल्या घराने धम्म कधी स्वीकारला, आणि का? मुलाने एक लांब रेघ ओढून तिच्यावर ही साले क्रमाने लिहावी. आपल्या माणसांची साले त्या रेघेवर आली की पुस्तकातील सालेही लक्षात राहतात.

भूगोलासाठी घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढावा. मग ओढा विचारावा : आपल्या गावचे पाणी कोठे जाते? ओढ्यावरून नदी, नदीवरून मोठी नदी. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहून पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते, आणि कोकणातल्या नद्या मात्र पश्चिमेला जातात. असे का? सह्याद्री कोठे आहे ते नकाशात पाहिले की उत्तर मिळते.

नागरिकशास्त्राचे पहिले पान तर प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेले असते : संविधानाची उद्देशिका. ती मुलाने घरातील सर्वांत वडील माणसाला वाचून दाखवावी आणि 'दर्जाची समानता' म्हणजे काय ते त्या माणसाला समजेल असे सांगावे. पाठ म्हणता येणे ही अर्धी पायरी आहे.

इंग्रजी

इंग्रजीचे भय आईबापांकडून मुलांकडे जाते. रोज फक्त पाच शब्द घ्यावे, अर्थासह आणि स्पेलिंगसह. वर्षातून तीनशे दिवस धरले तरी दीड हजार शब्द होतात. शब्द घरातील वस्तूंवरूनच घ्यावे : साबणाचे वेष्टण, विजेचे बिल, एसटीचे तिकीट. औषधाच्या पट्टीवर 'एक्स्पायरी' हा शब्द आणि त्यापुढे महिना व वर्ष असते; आजीच्या गोळ्यांची मुदत मुलाने दर महिन्याला वाचून सांगावी. ते काम कायमचे त्याच्याकडे द्यावे. इंग्रजी कशासाठी शिकायचे हे त्याला त्यातून कळेल.

एका वाटीत सगळे विषय

विषय वेगवेगळे असले तरी शिकताना ते एकत्र येतात. तीन वाट्यांत मटकीचे दहा-दहा दाणे घ्यावे. पहिलीतले कोरडे ठेवावे, दुसरीतले ओल्या फडक्यात, तिसरीतले पाण्यात पूर्ण बुडवून. दोन-तीन दिवस पाहावे. कोरड्या दाण्यांना मोड येत नाहीत, ओल्या फडक्यातल्यांना येतात, आणि बुडालेले दाणे फुगतात, एखाद्याला मोड डोकावतोही, पण पुढे ते कुजून वास मारू लागतात. बीजाला पाणी लागते तशी हवाही लागते, हे झाले विज्ञान. दहापैकी नऊ उगवले म्हणजे नव्वद टक्के, हे गणित. पाहिलेले पाच ओळींत लिहिले, ती भाषा. मटकी कोरडवाहू रानात का येते, हा भूगोल.

आणि हे ज्ञान वाटीतच राहत नाही. सोयाबीन पेरण्याआधी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतात; सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. ज्या मुलाने मटकीचा प्रयोग केला ते मूल ही तपासणी बापाला करून देऊ शकते. शिकलेल्या मुलाने घराच्या उपयोगी पडणे याला मी शिक्षणाची कसोटी मानतो.

काय टाळावे

मारू नये. मार खाल्लेले मूल उत्तर लपवायला शिकते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. कालच्या त्याच मुलाशी करावी. शिकवणी लावली म्हणजे आपण मोकळे झालो असे समजू नये, शिकवणीहून आल्यावरही "आज नवं काय आलं?" हा प्रश्न विचारावाच. आणि तुम्हाला एखादी गोष्ट आली नाही तर लाजू नये. "मला येत नाही. उद्या गुरुजींना विचारून ये आणि मला सांग," असे म्हणावे. न येणे हा दोष नाही आणि विचारणे हा मान आहे, हे मूल तुमच्याकडूनच शिकणार आहे.

या पंधरवड्याचा स्वाध्याय

एक : तासाची वेळ आणि जागा घरातील सर्वांनी मिळून ठरवावी. दोन : चौदा दिवस रोज प्रत्येक मुलाला "आज नवं काय आलं?" असे विचारावे आणि मुलाने सांगितलेले एका वाक्यात त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्यावे. तीन : मटकीचा प्रयोग करावा. चार : पंधराव्या दिवशी ती वही घेऊन शाळेत जावे आणि गुरुजींना किंवा बाईंना दाखवावी. पालक वही घेऊन आले की शिक्षकही अधिक जागा होतो, हे मी शिक्षक म्हणूनच सांगतो.

शेवटी अक्काविषयी. तिला दोन मुले आहेत. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीची परीक्षा देता येते हे मी तिला सांगितले, आणि गेल्या वर्षी तिने तो अर्ज भरला. संध्याकाळी सात वाजता तिची थोरली मुलगी तिला समोर बसवी आणि विचारी, "आज काय वाचलंस? मला सांग." गणितात तिला उत्तम गुण मिळाले. इंग्रजी राहिले आहे. ती पुन्हा बसणार आहे. भाकऱ्या त्या घरी आता आठनंतर होतात.

आपल्या घरीही आज सात वाजता चटई अंथरावी. जय भीम.